पट, कवड्या आणि कर्तृत्व

त्र्यंबकेश्वरी ज्यांची समाधी आहे, त्या निवृत्तिनाथांच्या धाकट्या बंधूंकडे, ज्ञानदेवांकडे, परंपरा मोक्षपटाचे कर्तृत्व देते. या पटावर कवड्यांचे दान अनिश्चित. साप मात्र जागचा हलत नाही, आणि त्याला नाव असते. क्रोधाच्या घरात पडलेल्या खेळाडूने क्रोध केलेला नसतो. तरी आपण का घसरलो, हे त्याला वाचता येते.

१९८० च्या ‘रोग’ या संगणकीय खेळात पटच प्रत्येक डावाला नव्याने रचला जातो, आणि मरण कायमचे असते. ती भुयारे रचनाकारानेही पाहिलेली नसतात. मग अशा पटावर वाटच उरली नाही, तर उत्तरदायी कोण? ‘यंत्राने रचले’ ही मला पळवाट वाटते. ‘एलिट’ (१९८४) मधील आठ आकाशगंगा, प्रत्येकी २५६ ग्रहांच्या, ठरावीक बीजातून उलगडतात. एका ग्रहाला असभ्य नाव आले, तेव्हा कर्त्यांनी ती आकाशगंगाच टाकून दिली, असे सांगतात. (अभिरुचीपुरते कर्तृत्व त्यांनी तत्काळ मान्य केले म्हणायचे!) जो असभ्य नाव गाळू शकतो, त्याला बंद भुयारही गाळता येते. सापाला नाव देण्याचे काम मात्र कोणते सूत्र करील, हे मला अद्याप उमगलेले नाही.