अवयव आणि अवयवी
सेनगाव तालुक्यातील गोरेगावासारख्या गावात, पेट्रोलचे इंजिन काढून विजेवर आणलेल्या दुचाकीची बॅटरी बदलताना ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथातील बौद्ध भिक्खू नागसेनाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो, की चाक, आस, जू यांपैकी रथ कोणता. नागसेनाला ‘रथ’ हे केवळ व्यवहारातले नाव वाटते. वैशेषिक दर्शनाचे अनुयायी मात्र अवयवी, म्हणजे अवयवांहून निराळी अखंड वस्तू, खरी मानतात आणि अवयव बदलताच ती नव्याने उत्पन्न होते असे म्हणतात. हे मत टोकाचे खरे, पण मिस्त्रीला तेच उपयोगी, कारण निकेल-मँगनीज-कोबाल्टच्या 13 सेलांची माळ 54.6 व्होल्टला पूर्ण भरते, तर उष्णता अधिक सोसणाऱ्या लोह-फॉस्फेटच्या 16 सेलांची 58.4 व्होल्टला. रसायन बदलले, की बॅटरी नवीच वस्तू मानून चार्जरही बदलावा लागतो.