संजयाने अर्जुनाला विचारलं होतं का?

आजचं चिंतन गीतेच्या पहिल्या अध्यायावर. आपण बरेचजण हा अध्याय पटापट उरकून 'खऱ्या' गीतेकडे वळतो. मला मात्र इथेच थांबावंसं वाटतं. ४७ श्लोकांत भगवंत बोलतात एकदाच, तेही अर्ध्या श्लोकाएवढं. अर्जुन सांगत राहतो: तोंड कोरडं पडलंय, अंग कापतंय, उभं राहवत नाही. भगवंत ऐकून घेतात.

मी पूर्वी ॲम्ब्युलन्सवर पॅरामेडिक होते. आमच्या केसपेपरवर नाडी, बीपी, ऑक्सिजन, वेळ, सगळ्याला रकाना. पेशंटच्या बोलण्याला एकच ओळ: 'छातीत दुखणे'. पण स्ट्रेचरवरचा माणूस बरंच काही बोलतो. "सायरन बंद करा ना, अख्खी सोसायटी बघतेय." "मुलीला आत्ता नका कळवू." एक आजोबा सारखी आपली चप्पल विचारत होते. तिथे ऑक्सिजन आधी, यात वाद नाही. पण पेशंट हॉस्पिटलात सोपवल्यावर ती वाक्यं जातात कुठे? या प्रश्नापायी मी पुढे शिकले, आणि आता रुग्णांच्या अनुभवावर संशोधन करते.

यात "समाधानी आहात का?" विचारून भागत नाही. आपल्याकडे माणूस हात जोडतो, "देवासारखे धावून आलात" म्हणतो, विषय संपला! म्हणून काय घडलं ते विचारायचं. कुठे नेतोय ते सांगितलं? दुखतंय म्हटल्यावर कुणी थांबलं? अंगावर पांघरूण घातलं?

आणि इथेच खरा पेच आहे. अर्जुनाची ती अवस्था आपल्यापर्यंत पोचली संजयामुळे. पण "तुझं हे सगळं धृतराष्ट्राला सांगू का?" असं अर्जुनाला कुणी विचारलं होतं? मी आता रथात नाही, संजयाच्या जागी आहे. दुःख त्यांचं, पेपर माझा. लेखी संमती घेते, नाव काढून टाकते, "नाही म्हणालात तरी उपचारात फरक पडणार नाही" हेही सांगते. पण कागदावर सही झाली म्हणजे सगळं मिटलं, असं मला वाटत नाही. बोलता बोलता एखाद्या आजींचे डोळे भरतात, आणि तेच वाक्य पेपरात उठून दिसणार हे मला लगेच कळतं. कर्मफळाचा मोह म्हणतात तो हाच असावा.

अशा वेळी मी रेकॉर्डर बंद करते आणि पुन्हा विचारते, "आजी, हे लिहू का?" काही जणी "लिही गं" म्हणतात. काही नुसती मान हलवतात. मग ते वाक्य सोडून द्यायचं, आणि चहा घेऊन निघायचं.

उद्या दुसरा अध्याय. एवढं ऐकून घेतल्यावर भगवंत अर्जुनाला आधी चांगलंच फटकारतात, त्यावर बोलू.