लेकरांच्या चालीने

शास्त्रपाठ : उत्पत्ती ३३:१२-१४, मार्क १०:१३-१६ व ४६-५२



शाळेची बस रस्त्याच्या कडेला उभी राहिली आणि तिच्यातून मुले उतरू लागली, म्हणजे मागून व समोरून येणाऱ्या वाहनवाल्याने काय करावे? प्रश्न साधा आहे, आणि मासिकाच्या उपदेशाच्या पानावर तो कशाला, असेही कोणाला वाटेल. परंतु आपण आठवड्यातून दोन-तीन तास मंदिरात बसतो आणि रोजचे कित्येक तास रस्त्यावर असतो. जो विश्वास मंदिराच्या पायरीवर चपला घालतानाच संपतो, तो विश्वास प्रभूने आपल्याला दिलेला नाही. म्हणून आज आपण हाच प्रश्न देवाच्या वचनाच्या उजेडात पाहू.

सुरतेच्या उत्तर भागात, तापीच्या काठी कतारगाम आहे. हिऱ्यांना पैलू पाडण्याच्या कारखान्यांसाठी हा भाग सर्वत्र प्रसिद्ध आहे. धुळे, जळगाव, नंदुरबारकडून पोटासाठी आलेली हजारो मराठी कुटुंबे सुरत शहरात राहतात. महानगरपालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळाही तेथे आहेत. सकाळी कतारगामच्या रस्त्यावर एकीकडे कारखान्यात वेळेवर पोहोचण्याची घाई असते, तर दुसरीकडे शाळेच्या पिवळ्या बसगाड्या, व्हॅन आणि मुलांची वर्दी करणाऱ्या रिक्षा असतात. एखादे सहा-सात वर्षांचे मूल पाठीवर दप्तर घेऊन उतरते आणि घर पलीकडच्या गल्लीत असल्यामुळे गाडीच्या आडून रस्ता ओलांडू लागते. गाडीच्या उंचीपुढे ते कोणाला दिसत नाही, आणि त्यालाही कोणी दिसत नाही.

अमेरिकेत याबाबत स्पष्ट कायदा आहे. शाळेच्या बसचे लाल दिवे लुकलुकू लागले आणि तिच्या बाजूचा ‘थांबा’ असे लिहिलेला हात बाहेर आला, म्हणजे मागच्या वाहनांनी थांबलेच पाहिजे. रस्त्याला मध्ये दुभाजक नसेल, तर समोरून येणाऱ्यांनीही थांबावे लागते, आणि तो हात आत जाईपर्यंत कोणी हलायचे नाही. शाळेच्या बसचा पिवळा रंगही तेथेच १९३९ साली न्यूयॉर्कमधील कोलंबिया विद्यापीठात भरलेल्या एका परिषदेत ठरला. पहाटेच्या अंधुक उजेडातही तो रंग लवकर दिसतो, हे त्यामागचे कारण.

आपल्या देशात हा धडा अश्रूंनी गिरवावा लागला. १८ नोव्हेंबर १९९७ रोजी दिल्लीत वजीराबादच्या पुलावरून शाळेची बस यमुनेत कोसळली आणि २८ मुले दगावली. त्यानंतर महिन्याभरातच सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिले. बसचा रंग पिवळा असावा, पुढे व मागे ‘स्कूल बस’ असे लिहिलेले असावे, खिडक्यांना आडवे गज असावेत, वेगाला आळा घालणारे यंत्र, प्रथमोपचाराची पेटी व आग विझवण्याचे साधन असावे, मुलांबरोबर एक मदतनीस असावा आणि चालकाला जड वाहन चालवण्याचा किमान पाच वर्षांचा अनुभव असावा, असे त्यांत सांगितले होते. महाराष्ट्रात २०११ साली शालेय बसबाबत वेगळे नियम झाले आणि प्रत्येक शाळेत परिवहन समिती नेमण्याची तरतूद झाली. देशभराच्या वाहतुकीच्या नियमांतही झेब्रा पट्ट्यांवर पायी चालणाऱ्याला आधी जाऊ द्यावे, असे आहे. पण उभ्या बसमागे दोन्ही बाजूंनी सर्वांनी स्तब्ध उभे राहावे, ही रीत आपल्या रस्त्यांवर रुजलेली नाही. उलट बस थांबली की आपण कर्णा वाजवतो आणि उरलेल्या जागेतून गाडी पुढे काढतो. म्हणून ख्रिस्ती माणसाने याविषयी स्वतःलाच विचारले पाहिजे. यासाठी शास्त्रातील तीन प्रवासी आपण पाहू.

पहिला प्रवासी याकोब. वीस वर्षांनी तो एसावाला भेटतो. एसावाबरोबर चारशे माणसे आहेत. एसाव म्हणतो की चल, आपण मिळून निघू. त्यावर याकोबाने दिलेले उत्तर फार विचार करण्यासारखे आहे. माझी मुले कोवळी आहेत, दुभती गुरेमेंढरे माझ्याबरोबर आहेत, एक दिवस जरी त्यांना जास्त हाकले तरी ती मरतील; तुम्ही पुढे व्हा, मी मुलांच्या व जनावरांच्या चालीप्रमाणे हळूहळू येईन, अशा अर्थाचे ते उत्तर आहे. याकोबाच्या मनात भावाविषयी धास्ती होती आणि बोलल्याप्रमाणे तो सेईरास गेलाही नाही, हे खरे. तरी त्याच्या तोंडून निघालेले तत्त्व खरेच आहे. ज्या वाटेवर लेकरे आहेत त्या वाटेचा वेग चारशे धडधाकट माणसांनी ठरवायचा नसतो. तो सर्वांत लहान पावलाने ठरवायचा असतो.

थोडा हिशोब करून पाहा. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे ११ मीटर पुढे जाते. मूल दिसले, मनाने ओळखले आणि पाय ब्रेकवर गेला, एवढ्यातच तो सेकंद संपतो. ब्रेक लागायचा तो त्यानंतर. बसच्या आडून मूल बाहेर येते तेव्हा आपल्यात आणि त्याच्यात कित्येकदा तेवढेही अंतर नसते. आणि लहान मुलाला येणाऱ्या गाडीचा वेग नीट अजमावता येत नाही. त्याला आई पलीकडे दिसते आणि ते धावत सुटते. अशा वेळी ‘मुलाने बघायला नको का?’ असे विचारणे म्हणजे कोकराला लांडग्याची ओळख का नाही, असे विचारण्यासारखे आहे. बघण्याची जबाबदारी ज्याच्या हाती वेग आहे त्याची आहे.

दुसरा प्रवासी बलाम. तो गाढवीवर बसून निघाला होता. वाटेत परमेश्वराचा दूत उपसलेली तरवार घेऊन उभा होता. गाढवीला तो दिसला, बलामाला दिसला नाही. ती शेतात वळली, मग भिंतीला चिकटली, शेवटी खालीच बसली. आणि तीनही वेळा बलामाने तिला मारले. त्याला वाटले की हे जनावर माझा खोळंबा करीत आहे. प्रत्यक्षात त्याचा जीव वाचत होता. बंधुजनहो, पुढची गाडी विनाकारण थांबली असे वाटून जो मागे कर्णा वाजवत राहतो, तो बलामाच्याच जातीचा आहे. पुढच्याला काही दिसले असेल, जे मला दिसत नाही, एवढी नम्रता त्याच्याजवळ नसते. थांबलेली पिवळी बस आपल्याला हेच सांगत असते, की येथे असे कोणी आहे जे तुला अजून दिसलेले नाही. जे दिसत नाही त्याच्यावर भरवसा ठेवून चालणे याला आपण विश्वास म्हणतो. मग न दिसणाऱ्या लेकरासाठी थांबणे हेही विश्वासाचेच एक लहानसे कृत्य नव्हे काय?

तिसरा प्रवासी आपला प्रभू. मार्काच्या दहाव्या अध्यायात तो यरुशलेमेच्या वाटेवर आहे. त्याच्यापुढे वधस्तंभ आहे. जगाचे तारण ज्यावर अवलंबून आहे असे काम त्याला करावयाचे आहे. त्याच्याइतकी महत्त्वाची वाट कोणी कधी चालला नाही. तरी त्या वाटेवर लोक लेकरांना आणतात तेव्हा शिष्य त्यांना दटावतात, आणि प्रभूला शिष्यांचा राग येतो. तो मुलांना जवळ घेतो. पुढे यरीहोजवळ आंधळा बार्तीमय ओरडतो, लोक त्यालाही गप्प बसवतात. आणि मार्क सांगतो की येशू थांबला. एवढा मोठा समुदाय बरोबर असता, एका भिकाऱ्यासाठी देवाचा पुत्र रस्त्यात उभा राहिला. त्या क्षणी मागच्या सर्वांनाही थांबावे लागले असेल. प्रियहो, जो आपल्यासाठी थांबला त्याच्यामागे चालणाऱ्यांना थांबण्याची लाज वाटू नये.

काही जण म्हणतील की उपदेश करणे सोपे आहे. कारखान्यात दहा मिनिटे उशीर झाला तर पैसे कापले जातात. वर्दीच्या रिक्षावाल्याने एक मूल कमी घेतले तर त्याच्या घरचे गणित बसत नाही. आणि ज्या आईबापांची शाळेच्या बसची फी देण्याची ऐपत नाही त्यांनी काय करावे? ही अडचण खरी आहे, तिला हसण्यावारी नेता येणार नाही. पण बस उभी राहते ती बहुधा अर्धा मिनिट. अर्धा मिनिट लवकर निघाले तर तेवढ्याची भरपाई होते. गेलेल्या जिवाची भरपाई कोणत्याच पगारातून होत नाही. आणि दाटीविषयी म्हणाल, तर १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीच्या मुलांची होडी उलटली व १२ मुले आणि २ शिक्षिका बुडाल्या, हे गुजरातेत कोणी विसरलेले नाही. मुले मावतील तितकी कोंबायची नसतात, सांभाळता येतील तितकीच घ्यायची असतात.

कतारगामच्या कारागिराला मी काय सांगावे? शंभर सेंटचा एक कॅरेट, आणि एक कॅरेट म्हणजे ग्रॅमचा पाचवा भाग. काही सेंटचा हिरा हातातून निसटला तर तो भिंग लावून, जमीन झाडून शोधतो आणि सापडेपर्यंत त्याचा जीव थाऱ्यावर नसतो. इतक्या लहान वस्तूची किंमत ज्याला कळते, त्याला लहान जिवाची किंमत समजावून सांगण्याची गरज पडू नये. प्रभूने एका नाण्यासाठी घर झाडणाऱ्या बाईची गोष्ट सांगितली ती याचसाठी.

२०२४ साली सुरतेत पोलिसांनी सिग्नल पाळण्याबाबत कडक मोहीम हाती घेतली, आणि चौकात लोक पांढऱ्या रेषेमागे थांबू लागले. ही चांगली गोष्ट आहे. पण प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी पोलीस किंवा कॅमेरा असणार नाही. रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात पौल सांगतो की केवळ शिक्षेच्या भीतीने नव्हे, तर सद्सद्विवेकबुद्धीमुळे अधिकाराच्या अधीन राहावे. आणि पुढे तो म्हणतो की प्रीती शेजाऱ्याचे वाईट करीत नाही. दंड चुकवण्यासाठी थांबणारा कॅमेऱ्यापुढे थांबतो. प्रीती करणारा सुनसान गल्लीतही थांबतो.

आता आपण काय करावे? अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात आज्ञा आहे की नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा, म्हणजे कोणी पडून घरावर रक्तपाताचा दोष येणार नाही. पडणाऱ्याच्या चुकीविषयी तेथे चर्चा नाही. कठडा बांधण्याची आज्ञा आहे. आपल्या मंडळ्यांनीही रस्त्यावर असे कठडे बांधावेत.

जे वाहन चालवतात त्यांनी आजच ठरवावे : मुले उतरत असलेल्या बसला, व्हॅनला किंवा रिक्षाला मी ओलांडून जाणार नाही, मागे असेन तर थांबेन, समोरून येत असेन तरी थांबेन, आणि शेवटचे मूल कडेला पोहोचल्याशिवाय हलणार नाही. मात्र एकदम कचकन थांबू नये; बस दिसताच वेग कमी करावा आणि मागच्याला हाताने इशारा द्यावा.

आईबापांनी मुलाला पलीकडून हाक मारू नये. ज्या बाजूला गाडी थांबते त्या बाजूला स्वतः जाऊन उभे राहावे आणि हात धरून आणावे. अल्पवयीन मुलाच्या हाती स्कूटर देऊन त्याला धाकट्या बहिणीला शाळेत सोडायला पाठवू नये. २०१९ सालच्या दुरुस्तीपासून त्याबद्दल पालकालाच शिक्षा आहे, आणि देवापुढील जबाब तर त्याहून मोठा आहे.

रविवारच्या शाळेच्या शिक्षकांनी एक पाठ याच विषयावर घ्यावा. बसच्या पुढून-मागून धावू नये, गाडी निघून जाईपर्यंत थांबावे, दोन्हीकडे पाहावे, हे मुलांकडून प्रत्यक्ष करवून घ्यावे. बलामाची गोष्ट मुलांना फार आवडते. तिच्याबरोबर हा धडा सहज शिकवता येईल. उपासना सुटल्यावर मुले मंदिराच्या दारातून रस्त्यावर पळत सुटतात, तेथे दोन तरुणांनी दर रविवारी उभे राहावे. आणि ज्या गल्लीत आपली चार-पाच कुटुंबे आहेत, तेथे मोठ्यांनी पाळी लावून सकाळी पंधरा मिनिटे मुलांना रस्ता ओलांडून द्यावा. त्यात शेजारच्या सर्व धर्मांच्या मुलांचेही हात धरावेत. महाराष्ट्रातील वाचकांनी आपल्या मुलांच्या शाळेत परिवहन समिती आहे की नाही, याची चौकशी करावी आणि तिच्या कामात भाग घ्यावा.

ही सेवा कोणाच्या अहवालात लिहिली जाणार नाही. थांबल्यामुळे जे मूल वाचले, ते आपण वाचवले हे आपल्याला कधी कळणारही नाही, आणि ते मूल हसत घरी जाईल. पण या लहानांविषयी प्रभूने सांगितले आहे की त्यांचे दूत पित्याचे मुख सदोदित पाहतात. पित्याला ते ठाऊक असेल, तेवढे पुरे.

हे दयाळू पित्या, आमच्या घाईची आम्हांला क्षमा कर. लेकरांच्या चालीने चालण्याचा धीर आम्हांला दे. आज शाळेला निघालेले प्रत्येक लेकरू संध्याकाळी आपल्या आईच्या हाती सुखरूप पोहोचो. येशूच्या नावाने मागतो. आमेन.