अज्ञानाचा रकाना

एका आप्ताच्या रुग्णालयीन बिलाची फर्द परवा हाती आली, आणि तीत मेरोपेनेम या भारी प्रतिजैविकाच्या इंजेक्शनांची रक्कम खोलीभाड्याहूनही मोठी पाहून प्रथम मनात आले ते हेच, की सरकारने ही औषधे स्वस्त केली पाहिजेत. लोक सर्दीपडशाला दुकानातून परस्पर गोळ्या घेतात, हे गाऱ्हाणे जुने झाले, ते असो. रुग्णालयाच्या आत मात्र रोगावरील खर्च आणि रोगाविषयीच्या अज्ञानावरील खर्च हे दोन्ही बिनदिक्कत एकाच रकान्यात मांडले जातात. राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राने २०२१-२२ मध्ये २० मोठ्या रुग्णालयांची पाहणी केली, तेव्हा सुमारे ७२ टक्के रुग्णांना प्रतिजैविके चालू होती. निम्म्याहून अधिक केवळ प्रतिबंधार्थ, आणि जंतू निश्चित ओळखून दिलेल्यांचे प्रमाण अवघे ६ टक्के.

माझे एक डॉक्टर स्नेही म्हणतात, "कल्चरचा, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीचा, अहवाल यायला दोन-तीन दिवस लागतात, तोवर रोगी दगावला तर नातेवाईक जाब मला विचारणार, तुमच्या समाजाला नव्हे." पहिल्या मात्रेपुरते हे मला निरुत्तर करते. परंतु साधे औषध पुरेसे असल्याचा अहवाल हाती येऊनही भारी औषध आठवडाभर चालूच राहते, त्याचे काय? "उतार पडत असताना कोण बदलतो?" हे त्यांचे उत्तर, त्यात भीती आहे, शास्त्र नाही.

स्वस्ताईचेच बोलायचे तर, पिंपरीला पेनिसिलिनचा सरकारी कारखाना १९५०च्या दशकात उभा राहिला, तेव्हा ते औषध गरिबाच्या आवाक्यात आणणे हे राष्ट्रकार्यच होते. त्याआधी, १९४५च्या नोबेल व्याख्यानात, अपुऱ्या मात्रेने जंतू निर्ढावतील असा इशारा पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या फ्लेमिंगने दिला होता. पण त्याच्या डोळ्यांसमोर होता तो दुकानातून स्वतःच औषध आणणारा अजाण गृहस्थ, अतिदक्षता विभागातील निष्णात वैद्य नव्हे.

अतिवापरानेही जंतू निर्ढावतात, म्हणून प्रतिजैविकाची गुणकारिता गावच्या गायरानासारखी सामायिक असते. चारणारा एक, आणि उजाड होते ते सर्वांचे. म्हणून स्वस्ताईची माझी मागणी मला मागे घ्यावीशी वाटते, कारण मेरोपेनेम स्वस्त झाले तर बिल उतरेल, पण हात अधिकच सैल सुटेल. स्वस्त, किंबहुना निःशुल्क, व्हावी ती कल्चरची तपासणी. आणि तिसऱ्या दिवसानंतरच्या प्रत्येक मात्रेपुढे अहवालाचा क्रमांक नसल्यास तिचे पैसे रुग्णालयाच्या खाती पडावेत. कल्चरमध्ये काहीच उगवले नाही तर काय, असे स्नेही विचारतात. त्यांना कारण लिहिण्याची सवलत मी देतो, मात्र सहीनिशी.