नुकसान झालंच नाही, तर?

रात्री दीडला ताईच्या लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावर 'ग्रब' एवढा एकच शब्द आणि त्यापुढे लुकलुकणारी रेघ उरली होती. ताई आत झोपली होती. सकाळी अकराला तिच्या एम.ए.च्या प्रबंधाचं सादरीकरण होतं आणि सगळ्या स्लाइड्स त्याच लॅपटॉपमध्ये होत्या.

ग्रब हा लिनक्सच्या आधी जागा होणारा छोटा प्रोग्राम. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, डिस्कवर शोधायचा, मेमरीत आणायचा, कारभार त्याच्या हाती द्यायचा आणि बाजूला व्हायचं, एवढंच त्याचं काम. कुठली सिस्टिम सुरू करू, असं विचारणारी एक यादीही तो दाखवतो. ती मला कळकट वाटायची. मागे डोंगराचा फोटो, रंगीत अक्षरं असं काहीतरी हवं होतं. त्यासाठी खरं तर सेटिंगची वेगळी फाइल असते. ती बदलून 'अपडेट-ग्रब' हा आदेश दिला की मुख्य फाइल आपोआप नव्याने लिहिली जाते. मुख्य फाइलच्या माथ्यावर तर ठळक लिहिलेलंच असतं, हिच्यात बदल करू नका. मी ते वाचलं आणि बदल केला. कुठेतरी एक महिरपी कंस खोडला गेला.

पासवर्ड ताईनेच दिला होता. अपडेट टाकायला.

मग एका हातात फोन घेऊन शोधत बसलो. एकेक पार्टिशन उघडून पाहिलं, कर्नल सापडला, त्याचं लांबलचक नाव टाइप केलं, चुकलं, पुन्हा केलं. शेवटी 'बूट' लिहून एंटर दाबलं. तीनच्या सुमाराला लॉगिनचा पडदा आला. आत जाऊन अपडेट-ग्रब चालवलं, रीस्टार्ट केलं. तीच कळकट यादी. इतकी सुंदर कधी दिसली नव्हती!

सकाळी ताई लॅपटॉप घेऊन गेली. सादरीकरण छान झालं. म्हणजे नुकसान शून्य. मग गुन्हा कसला?

१९७६ मध्ये बर्नर्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या दोन तत्त्वज्ञांनी याच गाठीवर लिहिलं. त्यांनी तिला 'नैतिक नशीब' म्हटलं. नेगलच्या उदाहरणातला ड्रायव्हर दारू पिऊन गाडी फुटपाथवर चढवतो. तिथे कुणी असलं तर तो आयुष्यभराचा दोषी, नसलं तर किरकोळ. दोघांनी केलं तेच; फरक फुटपाथवर कोण होतं एवढाच. माझा फुटपाथ रिकामा होता. डिस्कवरच्या स्लाइड्सना तर धक्काही लागला नव्हता, पण दीड वाजता हे मला कुठे माहीत होतं?

मोडल्याशिवाय शिकता येत नाही, असं आम्ही लिनक्सवाले अभिमानाने म्हणतो. मला ते आजही पटतं. ग्रबचा परवाना मला त्याचा कोड हवा तसा बदलायची मुभा देतो. ताईच्या सकाळी अकराची मुभा त्यात कुठे होती?

आणि खरी गोची पुढेच आहे. दुपारी मी हा किस्सा कॉलेजात सांगितला. काळा पडदा, तीन वाजेपर्यंतची झुंज, सगळं रंगवून. सुरुवात मात्र अशी केली: "ताईचा लॅपटॉप अचानक बंद पडला." पोरांनी टाळ्या दिल्या. कंस मी खाल्ला होता, फाइलमधूनही आणि गोष्टीतूनही.

संध्याकाळी ताईला सगळं सांगितलं. वाटलं होतं, ओरडेल किंवा हसेल. ती थोडा वेळ गप्प होती.

"म्हणजे सकाळी मी निवांत चहा पीत होते, ते नशिबावर?"

"पण दुरुस्त झालं ना, ताई."

"हो. आता सांगून तुला मोकळं वाटतंय. मला मात्र आता भीती वाटतेय."

दोन दिवसांनी अपडेट आलं. मी नेहमीचा पासवर्ड टाकला. चालला नाही. ताई शेजारीच वाचत बसली होती. मी लॅपटॉप तिच्याकडे सरकवला. तिने पडदा स्वतःकडे वळवून पासवर्ड टाकला आणि पुन्हा वाचायला लागली.