राहता वारसा

पुण्यात शनिवारवाड्याभोवती एक रेषा आहे. जमिनीवर ती कुठे आखलेली नाही, पण कसबा आणि शनिवार पेठेत ज्यांची जुनी घरे आहेत त्यांना ती कुठून जाते हे तोंडपाठ आहे. केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करायचे नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीशिवाय हात लावायचा नाही, असा हा नियम. १९९२च्या अधिसूचनेने तो आला आणि २०१०च्या दुरुस्तीने कायद्यातच पक्का झाला. त्यामागचा हेतू चांगला आहे. लेण्याच्या किंवा प्राचीन देवळाच्या डोक्यावर टॉवर उभा राहू नये, हे कुणालाही पटेल. माळावरच्या देवळाभोवती हा नियम बिनबोभाट चालतोही. पिढ्यान्‌पिढ्या माणसे नांदत आलेल्या पेठेत मात्र त्याचा परिणाम वेगळा होतो.

१०० मीटरच्या या रेषेच्या आतल्या वाडामालकाला वाडा उतरवून नवी इमारत बांधता येत नाही. डागडुजीला परवानगी मिळू शकते, पण त्यासाठी नकाशे काढा, अर्ज करा, हेलपाटे घाला. एवढे करून परवानगी हातात पडली तरी खर्च ज्याचा त्यानेच करायचा. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा लावते. मग एखाद्या रात्री कुठे भिंत खचते, कुठे जिना कोसळतो, आणि आणखी एक वाडा यादीतून कमी होतो.

रेषेच्या बाहेरही वाडे वाचलेले नाहीत. सदाशिव, नारायण, शुक्रवार या पेठांत गेल्या चाळीसेक वर्षांत एकामागून एक वाडे बिल्डरकडे गेले. मालकाला पैसे मिळाले, भाडेकरूला मालकीची सदनिका आणि नळाचे पाणी मिळाले, आणि वाड्याचे नाव सोसायटीच्या पाटीवर राहिले. त्या माणसांना मी दोष देणार नाही. दहा बिऱ्हाडांत एक संडास आणि गळके छप्पर यांत ज्यांनी आयुष्य काढले, त्यांना वारशाची थोरवी ऐकवण्याचा अधिकार कुणाला आहे असे मला वाटत नाही. पण नियम असलेल्या जागी वाडा पडतो आणि नियम नसलेल्या जागी पाडला जातो, हे एकदा नीट पाहिले की दुखणे नियमाच्या पलीकडचे आहे हे कळते. ज्याने वाडा सांभाळायचा, त्याच्या हातात सांभाळायला लागणारे काहीच आपण दिलेले नाही.

यात मला सर्वांत जास्त लागते ते असे. शनिवारवाड्याची वास्तुशांत १७३२ साली झाली आणि १८२८च्या आगीत आतल्या इमारती जळाल्या. आज तिकीट काढून आत गेलेल्याला तट, बुरूज, दिल्ली दरवाजा, त्यावरचा नगारखाना दिसतो. आत जोती, कारंजी आणि हिरवळ. पेशव्यांच्या काळातला माणूस घरात कसा राहत होता, हे त्या जोत्यांवरून कळत नाही. ते कळायला रेषेच्या आतल्याच एखाद्या राहत्या वाड्यात जावे लागते. तिथे दिंडी दरवाजातून वाकून आत गेले की देवडी लागते, मग चौक, चौकाभोवती ओसरी, सुरूच्या आकाराचे सागवानी खांब, खांबाच्या माथ्यावर केळफुलाची नक्षी. वर तक्तपोशी, भिंतीत कोनाडे. खाली दगडी जोते, वर विटा, त्यावर पांढऱ्या मातीच्या भिंती, आणि सगळा भार लाकडी सांगाड्यावर. घर मोजायचे ते खणांत. आगीत जे गेले त्याचा जिवंत नमुना शेजारी उभा आहे, त्यात माणसे राहतात, चौकात तुळस आहे, आणि तो नमुना आपण पाऊस-पाण्याच्या हवाली केला आहे.

वाडे असे खंगत का गेले याचे कारण एका वाक्यात सांगता येण्यासारखे नाही. १२ जुलै १९६१ला पानशेतचे पाणी आले तेव्हा नदीकाठच्या पेठांतल्या मातीच्या भिंती विरघळून बसल्या. शेकडो घरे त्या एका दिवसात गेली. त्याआधीच, १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली होती. फाळणी आणि युद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूला छप्पर टिकवून देणारा तो कायदा गरजेचा होता. पण तो अर्धशतक तसाच राहिला. १९९९चा नवा कायदा आला, त्याने वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा दिली, तीही त्या जुन्याच आकड्यावर. दोन खोल्यांचे भाडे घरातल्या दुधाच्या बिलापेक्षा कमी, अशी उदाहरणे पेठांत आजही सापडतात. त्या भाड्यातून सागवानाची एक तुळई बदलणेही शक्य नाही. त्यात मालकी चार भावांत वाटली गेलेली, त्यांतला एक परदेशात, एकाचे वारस कोर्टात. वाडा पडेपर्यंत कुणाचीच सही होत नाही.

जे घरांचे, तेच हातांतल्या कामाचे. कसब्यातच तांबट आळी आहे. पेशवाईत कोकणातून आलेल्या तांबटांची, म्हणजे त्वष्टा कासार समाजाची ही वस्ती. कालिकादेवीचे देऊळ अजून आळीत आहे. बंब, घागरी, हंडे, घंगाळी इथे घडली. आता हे काम करणारी घरे थोडी उरली आहेत, पण आळीत शिरल्यावर ठोक्यांचा आवाज आजही येतो. मठारकाम जवळून पाहण्यासारखे आहे. पत्रा भट्टीत तापवून मऊ करतात, आम्लात धुतात, आकार देतात. मग कारागीर जमिनीवर बसतो, भांडे लोखंडी खुंट्यावर चढवतो आणि चकचकीत घासलेल्या तोंडाच्या हातोड्याने ठोके मारायला लागतो. डाव्या हाताने भांडे प्रत्येक ठोक्यामागे किंचित फिरते. दोन ठोक्यांमधले अंतर बदलले की ओळ मोडते आणि मोडलेली ओळ लपवता येत नाही. शोभेसाठी म्हणून आपण ज्या ठशांकडे पाहतो, त्यांनी तांबे आवळून कडक होते. पातळ पत्र्याचे भांडे म्हणूनच चेपत नाही.

स्टेनलेस स्टील आले, गॅसचा गीझर आला, बंब गेला आणि आळीचे काम आटले. ते काही प्रमाणात परत आले तेव्हा वारसा जपणाऱ्या ‘इंटॅक’सारख्या संस्थेने आणि काही डिझायनर मंडळींनी या कारागिरांबरोबर बसून नव्या वस्तू काढल्या होत्या: दिव्यांच्या छत्र्या, ट्रे, पाण्याची भांडी. जुने तंत्र, नवे गिऱ्हाईक. आळीतून हेरिटेज वॉकवाल्यांचे जथे जातात, त्यांचे येणे मला चांगलेच वाटते. पण व्हिडिओ काढून पुढे गेलेल्या पन्नास जणांनी जे होत नाही ते एका ऑर्डरने होते. कारागिराचा मुलगा हातोडा उचलायचा की नाही हे त्या ऑर्डरीकडे पाहून ठरवतो.

लोक वारसा सांभाळतात म्हणजे काय करतात, हे याच शहरात आषाढीच्या आधी दिसते. ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेतल्या पालखी विठोबाच्या देवळात उतरते, तुकोबांची नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबाला. त्या मुक्कामात पेठा हजारो वारकऱ्यांना जेवू घालतात. कुणी पाय चेपतो, कुणी तुटलेल्या चपला शिवून देतो, कुणी फुकट दाढी करतो. कोणताही कायदा, कोणताही दर्जा यामागे नाही. जो तो आपल्या हातात असलेले काम आणतो आणि पिढ्यान्‌पिढ्या आणत आला आहे. मात्र सेवेला अंगण लागते, ओसरी लागते, रस्त्यावर उघडणारे घर लागते. पार्किंगवर उचललेल्या सात मजली इमारतीच्या तळाशी शंभर माणसांची पंगत बसवणे अवघड असते. वाडा गेला की त्याच्या आधाराने चालणारी रीतही हळूहळू आखडते, हे आपण हिशेबात धरत नाही.

शहरापेक्षा लहान पण याच प्रश्नाने घेरलेले गाव म्हणजे पन्हाळा. ११ जुलै २०२५ला युनेस्कोने मराठा साम्राज्याचे १२ दुर्ग जागतिक वारसा यादीत घेतले. अकरा महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतले जिंजी. त्या बारांत पन्हाळा निराळा, कारण गडावर नगरपरिषद आहे, शाळा आहे, जेमतेम तीनेक हजारांची वस्ती आहे. नामांकन चालू असताना रहिवाशांत धास्ती पसरली, विरोधही झाला. आमची घरे हलवणार का, हॉटेले-टपऱ्या काढणार का, भिंत बांधायला कुणाला विचारायचे, हे त्यांचे प्रश्न होते आणि प्रशासनाला समजूत घालावी लागली. काहींना तो विरोध कोता वाटला. मला तो रास्त वाटला. पन्हाळा कधीच ओस नव्हता. करवीर राज्याची राजधानी तिथे होती, कवी मोरोपंत १७२९ साली तिथेच जन्मले. तीन दरवाजापाशी झुणका-भाकर विकणारी बाई त्या अखंड वस्तीची आजची कडी आहे. गडावरच्या अंबरखान्याची डागडुजी करताना तिची जागा कुठे असेल हे आधी ठरवले असते, तर दर्जा मिळाल्याचा पेढा गडावर अधिक गोड लागला असता.

याच्या उलट उदाहरण मुंबईत ओव्हल मैदानाभोवती घडले. तिथल्या आर्ट डेको इमारतींत राहणारे नागरिक वर्षानुवर्षे मैदानासाठी, परिसरासाठी झगडले, इमारतींची नोंद केली, नामांकनाचा पाठपुरावा केला. २०१८ मध्ये व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको समूहाला युनेस्कोची मोहोर मिळाली. रहिवाशांनी स्वतः मागितलेला दर्जा त्यांना ओझे वाटला नाही. अर्थात ओव्हलसमोरच्या घरमालकाकडे वकील, वेळ आणि पैसा आहे. कसब्यातल्या भाडेकरूकडे यांपैकी काही नाही. ज्यांच्याकडे ते नाही त्यांच्यासाठी शासनाने, महापालिकेने उभे राहायचे असते.

पणजीतल्या फोंतेन्हासमध्ये पर्यटनाची दुसरी बाजू दिसते. निळ्या, पिवळ्या, गेरू रंगाच्या भिंतींपुढे फोटो काढायला इतकी गर्दी होते की घरांवर ‘फोटो काढू नका’, ‘आवाज करू नका’ अशा पाट्या लागल्या. पावसाळा संपला की भिंती रंगवायच्या ही तिथली जुनी चाल. तो रंग राहणारा स्वतःच्या खिशातून आणतो. ज्याच्या फोटोत तो रंग येतो त्याच्याकडून त्या घराला काही मिळत नाही.

मग करायचे काय? निदान तीन गोष्टी आज होण्यासारख्या आहेत. शनिवारवाड्याच्या तिकिटाच्या पैशातला ठरावीक वाटा आसपासच्या पेठांतल्या राहत्या वाड्यांच्या डागडुजीला जावा, आणि मालक-भाडेकरूंनी मिळून अर्ज केला तर तो आधी निघावा. २०१०च्या कायद्यातच प्रत्येक स्मारकासाठी स्वतंत्र उपविधी करण्याची तरतूद आहे. ते काम रेंगाळले आहे. उपविधींनी १०० मीटरची बंदी उठत नाही, पण दुरुस्ती कोणत्या सामानाने, कोणत्या पद्धतीने आणि किती दिवसांत मंजूर, एवढे तरी मराठीत, एका पानावर स्पष्ट होऊ शकते. आणि तिसरी गोष्ट माणसांची. पांढऱ्या मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते आणि भिंत आतून सुटते. चुन्याचा गिलावा तिला श्वास घेऊ देतो. हे जाणणारे गवंडी आणि खिळा न वापरता तुळईचा सांधा बसवणारे सुतार म्हातारे होत चालले आहेत. शहरातल्या आयटीआयमध्ये त्यांना शिक्षक म्हणून मानधनावर बोलवावे, मुलांना शिकाऊ वेतन द्यावे आणि शिक्षणाचे काम म्हणून पेठेतलाच एखादा वाडा दुरुस्तीला घ्यावा. पैसा मंजूर झाला आणि हात मिळाले नाहीत, तर त्या पैशातून वाड्यावर सिमेंटच चढेल.