मँचेस्टरचं देणं

मँचेस्टरच्या अँकोट्स भागात रॉचडेल कालव्याच्या काठाने चालत गेलं, की मरे बंधूंच्या लाल विटांच्या गिरण्या दिसतात. त्यांतली सर्वांत जुनी १७९८ सालची, वाफेच्या इंजिनावर चालणारी. आज तिथे फ्लॅट आहेत. जवळच्या कटिंग रूम स्क्वेअरमध्ये संध्याकाळी खाणंपिणं रंगतं आणि एकोणिसाव्या शतकातल्या सेंट पीटर्स चर्चमध्ये हॅले वाद्यवृंदाच्या तालमी होतात. याच शहरातल्या कामगारवस्त्यांची दैना एंगेल्सने १८४५च्या पुस्तकात मांडली होती. आजच्या पाहुण्याला ते खरं वाटणार नाही. शहराचा पुनर्जन्म झाला, असंच तो म्हणेल.

पण पुनर्जन्म म्हटलं, की मागच्या जन्माचा हिशेबही आला.

तो हिशेब कापसाचा आहे. अमेरिकन यादवी युद्धाआधी ब्रिटनमध्ये येणाऱ्या कापसापैकी सुमारे तीन चतुर्थांश अमेरिकेच्या दक्षिणेतून येई, आणि तो पिकवत गुलाम. १८६१मध्ये युद्ध पेटलं, लिंकनच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली आणि लँकेशायरच्या गिरण्या थंडावल्या. घरोघर उपासमार आली. तरीही ३१ डिसेंबर १८६२ रोजी मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये कामगारांची सभा भरली आणि गुलामगिरीविरुद्धच्या लढ्याला पाठिंबा देणारं पत्र लिंकनला गेलं. जानेवारीत त्याने उत्तरही लिहिलं. लिंकनचा पुतळा आज त्याच्याच नावाच्या चौकात उभा आहे. फ्री ट्रेड हॉलचं मात्र हॉटेल झालंय. तेव्हाचे सगळेच कामगार असे धीरोदात्त नव्हते. मार्च १८६३मध्ये शेजारच्या स्टेलीब्रिजला मदतवाटपावरून दंगल उसळली. (उपाशी माणसाकडून संतपणाची अपेक्षा ठेवायला पोट भरलेलं असावं लागतं.)

मग गुलामांच्या घामावर उभ्या राहिलेल्या या वैभवाचा दोष आज कोणाच्या माथी मारायचा? कर्मसिद्धान्त इथे फारसा उपयोगी पडत नाही. ज्याचं कर्म त्याला फळ; दोनशे वर्षांपूर्वीच्या गिरणीमालकाचं पाप आजच्या भाडेकरूच्या खात्यावर चढत नाही. शहराला तर आत्माच नाही, मग जन्मोजन्मी भोगणार कोण?

ऋणाची कल्पना अधिक कामाची आहे. तैत्तिरीय संहितेत ब्राह्मणाची तीन जन्मजात ऋणं सांगितली आहेत: देवांचं, ऋषींचं आणि पितरांचं. शतपथ ब्राह्मणाने वर्तुळ मोठं केलं. जो कोणी आहे तो ऋणासहच जन्मतो, असं म्हणून त्याने चौथं ऋण जोडलं, माणसांचं. ऋणी व्हायला गुन्हा करावा लागत नाही, आयतं मिळालेलं वापरलं तरी पुरतं. अँकोट्सच्या रहिवाशाला पापी म्हणणं अन्यायाचं होईल, पण ऋणी म्हणण्यात अन्याय नाही.

हे ऋण कोणी फेडू बघतं का? एक उदाहरण मँचेस्टरातलंच आहे. ‘द गार्डियन’ १८२१मध्ये इथे सुरू झाला. संस्थापक जॉन एडवर्ड टेलर कापसाचा व्यापारी. वर्तमानपत्राची मालकी असलेल्या स्कॉट ट्रस्टने इतिहास तपासून घेतला, तेव्हा टेलरचे आणि त्याला पैसा पुरवणाऱ्या अकरापैकी किमान नऊ जणांचे गुलामगिरीशी संबंध निघाले. मार्च २०२३मध्ये ट्रस्टने माफी मागितली आणि जमैका व अमेरिकेच्या सी आयलंड्समधल्या गुलामांच्या वंशजांच्या समाजांना केंद्रस्थानी ठेवून दहा वर्षांत एक कोटी पौंडांहून अधिक खर्चाचा कार्यक्रम जाहीर केला. रक्कम पुरेशी आहे का, यावर वाद घालता येईल. पण धनको कोण, हे नाव-पत्त्यासह शोधण्याची तयारी मोलाची आहे. जुन्या विटा जपल्या आणि भिंतीवर पाटी लावली, एवढ्याने देणं फिटत नाही.

हिशेबाच्या या वहीत मुंबईचंही पान आहे. अमेरिकेचा कापूस थांबला तेव्हा खानदेश-वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरातून लँकेशायरला गेला आणि इथल्या व्यापाऱ्यांच्या हाती पैशाचा पूर आला. १८६५मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या; पण त्याआधी त्यांतल्याच प्रेमचंद रायचंद या व्यापाऱ्याने दिलेल्या देणगीतून पुढे राजाबाई टॉवर उभा राहिला. म्हणून मँचेस्टरला जाब विचारायला निघालेल्या मराठी माणसाने वाटेत फोर्टमध्ये थांबून तो टॉवर आधी नीट पाहून घ्यावा.